शेतीचा वाटा 14 टक्के की एक तृतीयांश?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "भारताच्या हरितगृह वायूंमध्ये शेती आणि अन्नाचा वाटा नेमका किती धरायचा? सरकारी अहवालात 14 टक्के सापडतात, बातम्यांत 'एक तृतीयांश' असतं. मला कॉलेजच्या प्रकल्पात आकडा लिहायचा आहे. शिवाय आई विचारतेय, घरातलं दूध कमी केलं तर काही उपयोग होतो का?"

मी गेली पंधरा-सोळा वर्षं शेतकरी कंपन्या आणि दूध संघांसाठी हेच हिशेब करते, त्यामुळे हा गोंधळ ओळखीचा आहे. आधी आकडा देते, मग तो एकटा का पुरत नाही ते सांगते.

केंद्र सरकारने डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे हवामान बदलाचा चौथा द्वैवार्षिक अहवाल दिला. त्यात 2020 या वर्षाचा हिशेब आहे. सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात बदलून घेतले तर देशाचं उत्सर्जन 295.9 कोटी टन. त्यात ऊर्जा 75.66 टक्के, शेती 13.72, उद्योगांतल्या प्रक्रिया 8.06 आणि कचरा 2.56. शेतीचे झाले साधारण 40.6 कोटी टन. तुमचे 14 टक्के ते हेच.

आता त्याच्या शेजारी 1994 चा हिशेब ठेवा. भारताने 2004 साली पहिल्यांदा असा अहवाल दिला तेव्हा तो 1994 सालाचा होता. एकूण 122.8 कोटी टन आणि त्यात शेती 28 टक्के, म्हणजे 34.4 कोटी टन. पद्धतीत मधल्या काळात थोडेफार बदल झाले, पण चित्र स्पष्ट आहे. शेतीचे टन वाढलेच, तरी वाटा निम्म्यावर आला, कारण मधल्या पंचवीस वर्षांत कोळसा, पोलाद, सिमेंट आणि गाड्या कित्येक पटींनी वाढल्या. छेद मोठा झाला की अपूर्णांक लहान होतो, चौथीतलं गणित. उलटंही होतं: 2019 ला शेतीचा वाटा 13.44 होता, कोविडच्या वर्षात तो 13.72 झाला. त्या वर्षी शेतीतून जास्त वायू निघाले असं नाही, कारखाने आणि गाड्या थांबल्या होत्या. म्हणून नुसती टक्केवारी सांगणाऱ्याला मी आधी टन विचारते.

आणखी एक टक्केवारी याच अहवालातून निघते. जंगलं आणि झाडांनी 2020 मध्ये 52.2 कोटी टन शोषून घेतले असं सरकार म्हणतं. ते वजा केले तर देशाचं निव्वळ उत्सर्जन 243.7 कोटी टन राहतं आणि शेतीचा वाटा त्याच्या जवळपास 17 टक्के होतो. शेतात काहीच बदललेलं नसतं, फक्त कशाने भागलं ते बदललं.

खरी गंमत 'शेती' या शब्दात आहे. बांधावर उभ्या माणसाला शेती म्हटलं की मोटर, ट्रॅक्टर, खताची गोणी, मजूर, बाजारातला टेम्पो, सगळं दिसतं. अहवालातल्या शेतीत मुख्यतः पाचच गोष्टी येतात: रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातला मिथेन, शेणातून निघणारे वायू, भातखाचरातला मिथेन, नत्र घातलेल्या जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड आणि शेतात जाळलेलं धसकट आणि काडीकचरा. 2016 च्या हिशेबात शेतीचे 40.8 कोटी टन होते. त्यातले 54.6 टक्के जनावरांच्या पोटातले, 19.1 जमिनीतले, 17.5 भाताचे, 6.7 शेणाचे आणि 2.2 जाळण्याचे. दिल्लीच्या धुराच्या बातम्या वाचून शेवटचा आकडा मोठा असेल असं वाटतं. पण काड जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड या हिशेबात धरत नाहीत, कारण तो पिकाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. फक्त मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मोजतात. आपल्याकडे उसाचं पाचट पेटवलं जातं, हेक्टरी आठ-दहा टन, तेही याच खात्यात. त्याचा खरा तोटा जमिनीचा आणि फुप्फुसांचा आहे, हवामानाच्या वहीत तो लहान दिसतो.

मिथेनला किती गुण द्यायचे यावरही बरंच अवलंबून आहे. एक टन मिथेन म्हणजे किती टन कार्बन डायऑक्साइड? 2016 च्या हिशेबात भारताने जुना गुणक वापरला, 21. नंतरच्या शास्त्रीय मूल्यांकनात तो 28 झाला आणि पॅरिस कराराच्या नव्या नियमांत तोच धरायचा आहे. नायट्रस ऑक्साइडचा मात्र 310 वरून 265 वर उतरला. मी हा बदल 2016 च्या आकड्यांवर एकदा वहीत करून पाहिला. जनावरांचे 22.3 कोटी टन थेट 29.7 कोटी होतात, भाताचे 7.1 चे 9.5, जमिनीचे 7.8 चे 6.7. शेती एकूण 50 कोटी टनांच्या आसपास जाते आणि तिचा वाटा 14 वरून 17 टक्क्यांवर. एकही म्हैस वाढली नाही, गुणक बदलला. हे गुणक शंभर वर्षांचा काळ धरून काढलेले आहेत. वीस वर्षांचा काळ धरून मोजलं तर मिथेनचा गुणक 80 च्या घरात जातो आणि मग शेतीला लपायला जागा राहत नाही. कोण कुठला काळ धरतो हे बहुतेक वेळा त्याला काय सिद्ध करायचं आहे त्यावर ठरतं, असं माझं निरीक्षण आहे.

भाताबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे मी स्वतः चिखलात उभी राहिले आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजात भारतीय भातखाचरांच्या नावावर वर्षाला 3.7 कोटी टनांपेक्षा जास्त मिथेन लावलं होतं. युरोप-अमेरिकेतल्या शेतांवरची मोजमापं घेऊन ती आपल्या क्षेत्राला गुणली होती. तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले डॉ. ए. पी. मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये देशभर प्रत्यक्ष मोजणी केली आणि आकडा आला सुमारे 40 लाख टन. नवव्या हिश्शाच्या आसपास. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत भारत आकड्यांबद्दल इतका संशयी का, 2021 मध्ये ग्लासगोला जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर सही का केली नाही, याचं एक मूळ इथे आहे. दुसरं कारण सरळ आहे: आपलं मिथेन दोन-तीन जनावरं आणि एक-दोन एकर भात असलेल्या माणसाकडून येतं.

मोजतात कसं? भोर तालुक्यात इंद्रायणी जातीच्या भाताच्या खाचरात आम्ही जे करायचो ते सांगते. लावणीनंतर चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) भोवती चिखलात एक चौकट रुतवून ठेवायची. मोजणीच्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तिच्यावर काचेसारखी पारदर्शक पेटी बसवायची. पेटीत छोटा पंखा, एक तापमापक आणि वर रबरी बूच. बुचातून सिरिंजने हवा ओढायची: बसवल्या बसवल्या एकदा, पंधरा मिनिटांनी, तीस मिनिटांनी. नळ्या प्रयोगशाळेत. हवेतला मिथेन किती वेगाने वाढला त्यावरून खाचराचा श्वास कळतो. यात सर्वांत मोठी चूक पायाची असते. पेटीजवळ जोरात पाऊल टाकलं की चिखलातून बुडबुडे येतात, त्यात साठलेला मिथेन असतो आणि त्या दिवशीचा आकडा वाया. म्हणून फळीवर उभं राहायचं. पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं नव्हतं आणि आमच्या निम्म्या नळ्या फेकून द्याव्या लागल्या.

बुडबुड्यांचं कारण पाणी. खाचर सतत भरलेलं असलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि मिथेन बनवणारे जिवाणू फोफावतात. पाणी एकदा जरी आटू दिलं तरी उत्सर्जन जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतं, पुन्हापुन्हा आटू दिलं तर निम्म्याच्या जवळ येतं. हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे गुणक दिलेले आहेत. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी हे सांगणं सोपं आहे, करणं अवघड. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ फाटलेलं असताना खाचरातलं पाणी कुणाच्या हुकमाने आटणार? ज्यांच्या हातात पाण्याची चावी आहे, म्हणजे कालव्याखालचे आणि मोटरवाले, त्यांनाच ही युक्ती लागू. (राबाचं कुणी विचारत नाही, पण मावळ-कोकणात पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात, त्या धुराला अहवालात धड कोणतं खातं लावायचं हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.)

जनावरांकडे वळते. देशात 2019 च्या पशुगणनेत 19.25 कोटी गाई-बैल आणि 10.99 कोटी म्हशी होत्या. भारताच्या स्वतःच्या मोजमापांत दुभत्या देशी गाईमागे वर्षाला 28 किलो मिथेन, संकरित गाईमागे 43 आणि दुभत्या म्हशीमागे 50 किलो धरले आहेत. देशी गाय कमी मिथेन सोडते म्हणून ती पर्यावरणपूरक, असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. आता दुधाने भागा. देशी गाय दिवसाला 3 लिटर, 250 दिवस धरली तर वर्षाला 750 लिटर, म्हणजे लिटरमागे 37 ग्रॅम मिथेन. संकरित गाय 12 लिटर, 300 दिवस, 3,600 लिटर, लिटरमागे 12 ग्रॅम. दुधाचे आकडे मी गोठ्यांत नेहमी दिसतात तसे धरले आहेत, तुमच्याकडचे टाकून बघा, तिप्पट फरक फारसा हलत नाही. मग संकरित गाय जिंकली का? खिल्लार गाय मुळात दुधासाठी पाळतच नाहीत, ती बैल देते. बैलाचं काम, शेण, गोवऱ्या यांना हिशेबात वाटा दिला की लिटरमागचा भार उतरतो. किती वाटा द्यायचा यावर मी दोन विद्वानांना एकमत होताना पाहिलेलं नाही.

गोठ्यात जे खरंच उतरवता येतं ते चाऱ्यातून. नुसत्या कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यावर उभ्या गाईच्या पोटात जास्त मिथेन बनतो आणि दूध कमी येतं. संतुलित आहार, खनिज मिश्रण आणि थोडा हिरवा द्विदल चारा दिला की लिटरमागचं मिथेन उतरतं आणि शेतकऱ्याला दुधाचे पैसेही जास्त मिळतात. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य काढलं आहे, त्याने 17 ते 20 टक्के घट मिळाल्याचं संस्था सांगते. शेणाचं म्हणाल तर आपला उकिरडा परदेशातल्या शेणपाण्याच्या तळ्यांपेक्षा बराच बरा. कोरड्या ढिगात मिथेन कमी बनतो.

आता त्या पाच गोष्टींच्या बाहेरचं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे.

देशात शेतीला विकलेली वीज 2019-20 मध्ये सुमारे 211 अब्ज युनिट होती, एकूण वापराच्या साडेसतरा टक्क्यांच्या वर. एका युनिटमागे कोळशाच्या जोरावर चालणाऱ्या आपल्या ग्रिडमध्ये सरासरी 0.71 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर होतात जवळपास 15 कोटी टन. भाताच्या खात्यावर किती होते? 7.1 कोटी. म्हणजे शेतातलं पाणी उपसायला जेवढे वायू निघतात ते देशभरच्या भातखाचरांतल्या मिथेनच्या दुप्पट, आणि अहवालात ते 'ऊर्जा' या रकान्यात बसतात. वर यातली बरीचशी वीज मीटरने मोजलेली नसते, हॉर्सपॉवरवरून धरलेली असते, त्यामुळे कागदावरच्या युनिटांत गळती आणि चोरी किती मिसळली आहे यावर दरवर्षी वीज आयोगासमोर भांडण होतं.

एका वस्तीवरचं उदाहरण घ्या. पाच हॉर्सपॉवरची मोटर, दोन-तीनदा रिवायंडिंग झालेली, तासाला साडेचार युनिट ओढते. वर्षाला हजार तास चालली तर 4,500 युनिट, म्हणजे 3.2 टन. शेजारच्या दावणीची संकरित गाय वर्षाला 43 किलो मिथेन सोडते, 28 ने गुणले की 1.2 टन. एक मोटर म्हणजे अडीच गाई. आणि थ्री फेज लाईट येते रात्री दहाला, म्हणून शेतकऱ्याने बसवलेलं असतं ऑटो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, मालक झोपलेला, उसात गुडघाभर पाणी. मी सकाळी जाऊन पाहिलं आहे, सरीतलं पाणी ओढ्याला लागलेलं असतं. दिवसा वीज देणाऱ्या सौर वाहिन्या आणि सौर पंप यांची योजना म्हणून मला गाईंच्या ढेकरांवरच्या चर्चासत्रांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. त्यातही एक पाचर आहे: सौर पंपाला बिल नाही, तेव्हा पाणी उपसण्याला आवरच नाही. कार्बन वाचेल, विहीर वाचेलच असं नाही.

दुसरी गोष्ट खताच्या गोणीची. यूरियाची पंचेचाळीस किलोची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. त्यात 20.7 किलो नत्र. आंतरराष्ट्रीय ठोकताळ्याने त्यातला एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, वजन जेमतेम 325 ग्रॅम, पण 265 ने गुणलं की 86 किलो. भारतीय मोजमापांत हा दर 0.58 टक्के निघाला आहे, मग 50 किलो. शिवाय यूरिया मातीत फुटताना 33 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, कारखान्यात त्यात बांधलेलाच. म्हणजे नुसत्या शेतात एका गोणीमागे 80 ते 120 किलो. 2022-23 मध्ये देशात सुमारे 357 लाख टन यूरिया वापरला गेला. तो बनवताना जळलेला नैसर्गिक वायू ऊर्जा आणि उद्योगांच्या खात्यात आहे, आणि ओमानसारख्या देशातून जो जहाजाने येतो, त्या वर्षी 70 लाख टनांहून जास्त, त्याच्या कारखान्याचा धूर तर आपल्या वहीतच नाही. कोकणात डॉ. सावंतांची चारसूत्री भातशेती शिकवताना चार चुडांच्या मध्ये खताची गोळी हाताने चिखलात खोल दाबायला सांगतात. नत्र उडत नाही, वाहत नाही, खत कमी लागतं. पण कंबर मोडते आणि मजुरी वाढते, म्हणून फेकून देणंच चालू राहतं. इतकं स्वस्त खत कोण गोळी करून पुरणार?

सीमेपलीकडचं असंच. आपण खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त भाग आयात करतो. इंडोनेशियात पामसाठी तोडलेल्या जंगलाचा भार इंडोनेशियाच्या नावावर, वडे आपल्या कढईत. उलट 2022-23 मध्ये आपण 2.2 कोटी टनांच्या आसपास तांदूळ बाहेर पाठवला, त्याचं मिथेन मात्र आपल्याच खात्यावर राहिलं.

'एक तृतीयांश' येतो तो या सगळ्याची बेरीज केल्यावर. 2021 मध्ये 'नेचर फूड' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने जंगलतोड, शेत, खतकारखाने, प्रक्रिया, वाहतूक, शीतगृहं, स्वयंपाक आणि कचरा असं सगळं धरून जगाच्या उत्सर्जनातला अन्नाचा वाटा 2015 साली 34 टक्के, म्हणजे 1,800 कोटी टन काढला. त्यातले 6.3 टक्के भारताचे होते, गुणाकार केला तर सुमारे 113 कोटी टन. भारताच्या त्या काळच्या एकूण उत्सर्जनाशी लावून पाहिलं की ढोबळ मानाने इथेही एक तृतीयांश किंवा थोडं जास्तच येतं. बातम्यांत मात्र बहुतेक वेळा जगाचा आकडा भारताचा म्हणून छापलेला असतो, तो तपासून घ्या.

दुसऱ्या देशांशी तुलना करताना तर आणखी जपा. न्यूझीलंडमध्ये शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. तिथे गाई-मेंढ्या भरपूर हे खरंच, पण वीज बहुतांशी पाण्यावर आणि भूगर्भातल्या उष्णतेवर बनते, त्यामुळे ऊर्जेचा रकानाच छोटा. आयर्लंडमध्ये शेती 38 टक्क्यांच्या जवळ. आपली वीज उद्या स्वच्छ झाली तर आपलाही शेतीचा टक्का वर चढेल, आणि ती चांगली बातमी असेल.

आईच्या प्रश्नाचं उत्तर. घरात रोज एक लिटर दूध येतं असं धरा. संकरित गाईचं असेल तर वर्षभराचं मिथेन साधारण 120 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं. भाकड काळ, कालवडी, चारा-पेंड धरून दुप्पट-तिप्पट करा हवं तर. गॅसचा 14.2 किलोचा एक सिलिंडर जळून 42 किलोच्या आसपास देतो. म्हणजे वर्षभराच्या दुधाचं मिथेन तीन सिलिंडरांएवढं. घरात लहान मूल आहे, आजी आहे, आणि डाळीशिवाय प्रथिनांचा हाच आधार आहे, तर त्यात कात्री लावू नका असं मी सांगेन. शिळं म्हणून ओतून दिलेलं दूध आणि नासलेली भाजी तेवढी कमी करा.

प्रकल्पात एका ओळीत लिहायचं तर असं लिहा: सरकारी अहवालानुसार 2020 साली शेतीचा वाटा 13.72 टक्के, जंगलांचं शोषण न धरता, मोटरची वीज व खतनिर्मिती वगळून. आणि परीक्षकांना दाखवायला स्वतःचं काही हवं असेल तर सुट्टीत मीटर बसवलेली गावाकडची एखादी मोटर शोधा. सुरू करताना मीटरचं रीडिंग लिहा, तासाभराने पुन्हा लिहा, फरकाला 0.71 ने गुणा. मग मालकाला विचारा, ती वर्षाला किती तास चालते. या दुसऱ्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळालं तर मलाही कळवा, कारण माझ्या सगळ्या हिशेबांत सर्वांत कच्चा आकडा तोच असतो.